धुराकडे उघडणारी खिडकी

नाही, नाही — ती करवत आधी खाली ठेव. गजांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते. एसी बसव की, नको कोण म्हणतंय? मुलगा सकाळी खांद्यावर घेऊन आलाय, जिना चढताना जीव गेला त्याचा — पण खिडकीत नाही. दुसरी भिंत बघ. ही? हिच्यापलीकडे शेजारीण राहते, तू खिळा ठोकलास तरी लाटणं घेऊन येईल. ती? तिला चूल टेकलीय. मग ही — हो रे बाबा, हिच्यात दार आहे, दिसतंय मला, आंधळी नाही मी. चारच भिंती दिल्यात कंपनीनं, पाचवी कुठून आणू? आणि हळू बोल. नात झोपलीय. रात्रभर खोकत होती, आत्ता कुठे डोळा लागलाय.

ठिणगी म्हणतो आम्ही तिला. बापानं ठेवलंय नाव — भट्टीवर असतो ना, त्याला दुसरं काय सुचणार? गोष्ट सांगितल्याशिवाय झोपत नाही. गोष्ट एकच, रोज तीच — एक होतं धुराडं, उंचच उंच, आणि त्याच्या पायाशी एका खोलीत राहायची एक म्हातारी, तिचा भट्टीवर जाणारा मुलगा, कारखान्याच्या कँटीनात भांडी घासणारी सून आणि ठिणगीएवढी नात. तर ही मला म्हणते, आजी, आधी माणसं सांग ना, धुराडं का आधी? अगं, म्हटलं, तेच आधी आलं! ते आलं म्हणून आपण आलो. नाहीतर इथे होतं काय? खडक आणि बाभळी.

तू नदीपलीकडचा ना? चपलांवरच्या लाल मातीवरून ओळखलं. म्हणजे तुमच्याकडे वारा संध्याकाळी फिरतो. सकाळी धूर आमचा, संध्याकाळी तुमचा — कंपनीनं कुणावर अन्याय केलेला नाही हो! हसू नकोस. तुला धूर वाचता येतो का? आमच्या गल्लीत सगळ्या बायकांना येतो. काळाकुट्ट, जाड, दोरखंडासारखा निघाला की समजायचं भट्टी भरलीय, माल जातोय, पाळी पूर्ण — मग भाजीत तेल सढळ हातानं. पांढुरका, विरविरीत दिसला की अर्धी पाळी, मग तेलाची बाटली नुसती वाकवून सरळ करायची. आणि बापाची सुटी व्हायच्या वेळी धुराला जरा खंड पडतो, पाळी बदलताना भट्टीचं तोंड मिटतात तेव्हा. ठिणगी खिडकीखालच्या त्या ट्रंकेवर उभी राहते, गज धरून, आणि ओरडते — आजी, धूर थांबला, बाबा निघाले! मी मग चहा टाकते. एकदाही चुकली नाही. म्हणून म्हणते, खिडकी सोड. ती उठली की पहिली तिथे जाते.

बघ, खोकलास. तुला पण आहे वाटतं? थांब, पाणी देते. — घे. ग्लास तिथेच ठेव, राहू दे.

मध्ये कारखाना बंद पडला होता, आठवतं? बाहेरच्या देशातलं कुणी लोखंड घेईना म्हणे. भट्ट्या विझवल्या. पहिले दोन-चार दिवस आकाश नुसतंच मळकट होतं, आणि मग एका सकाळी बघते तर — समोर डोंगर! अरे, इतकी वर्षं राहतोय इथे, डोंगर आहे हेच आमच्या पोरांना ठाऊक नव्हतं. ठिणगी म्हणते, आजी, हे रात्रीत कुणी आणून ठेवलं? आणि धावायला लागली पोरगी. जिन्यावरून खाली, खालून वर, धाप नाही, काही नाही. धुतलेला परकर दोरीवर पांढरा तो पांढराच वाळला. सून हातात धरून बघत बसली त्याच्याकडे. पण वाळवून नेसून जायचं कुठे? कँटीन बंद. मुलगा ह्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला. डोंगर दिसत होता आणि डब्याचा तळ पण दिसत होता. मग एके दिवशी धूर निघाला. गल्लीतल्या साऱ्या बायका बाहेर — कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी रडतंय. मी हिला कडेवर घेतली, म्हटलं, बघ बघ, आला गं आला! आणि ही बघता बघता खोकली. तेव्हापासून खोकतेय.

आता तर दुसरं धुराडं उभं राहिलंय. माल पुरत नाही म्हणे, जिकडेतिकडे पूल बांधतायत, घरं बांधतायत. बांधू देत की, त्यांना पण घरं नकोत का? नव्या भट्टीवर माझ्या मुलाला मुकादम केलंय. पगार वाढला, आणि साहेबांच्या बंगल्यात भिंतीवरचा नवा एसी आला म्हणून हा जुना याला स्वस्तात मिळाला. त्या भट्टीनंच पोरीची छाती भरली आणि त्या भट्टीनंच एसी दिला. आणि हा चालणार कशावर? वीज तरी कुठली, तिथलीच. म्हणजे आम्ही इथे गार व्हायचं म्हणून तिथे आणखी दोन पाट्या कोळसा पडायचा. मला शाळा माहीत नाही, पण एवढं कळतं हो.

एक पोरगी आली होती, गळ्यात पेटी अडकवून, हवा मोजायला. चांगली होती, जमिनीवर बसली, चहा प्यायली. म्हणाली, आजी, दिसतो तो धूर वेगळा. त्याच्यातच एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो वर जाऊन बसतो आणि साऱ्या जगाला ताप आणतो. म्हटलं, दिसत नाही तो कसा गं वाचायचा? तर म्हणाली, तो वाचता येत नाही म्हणून तर ही पेटी. मग विचारलं, आजी, धूर कमी व्हावा असं तुम्हाला वाटतं का, हो की नाही? आता काय सांगू? हो म्हटलं तर पोराच्या ताटाला लाथ, नाही म्हटलं तर पोरीच्या छातीवर पाय. मी म्हटलं, अजून एक कप घे. गेली बिचारी कप पिऊन.

काय गं? — खालची इस्त्रीवाली आहे, ओरडू दे. — हो, एसीच! हो, तुझ्याच डोक्यावर! — बरोबर आहे तिचं, याचं गरम वारं सगळं खाली तिच्या टेबलावर जाणार. आधीच हातात निखाऱ्याची इस्त्री. उद्या ती पण एक घेईल, मग तिचं गरम कुणाकडे?

अरे, आवरतोस काय? पिशवी का भरतोस? — काय? साहेबांना विचारून या? खोली कंपनीची, गज कंपनीचे, परवानगीशिवाय कापता येत नाहीत — अरे, मग मघापासून बोलला का नाहीस? मी बोलू दिलं नाही? तेही खरंच. पण साहेबांना विचारायला गेलं की आठवडा गेला. थांब. थांब ना बाबा, बस. तसं नको. उद्या ठिणगीची आत्या येतेय, तिला न्यायला.

माझीच लेक ती. लांब असते, समुद्राकडे. तिथे कारखाना नाही, धूर नाही, कामही नाही. डॉक्टर म्हणाले, एक तर पोरीची हवा बदला, नाहीतर खोली बंद करून यंत्र लावा. लेक म्हणाली, पाठव माझ्याकडे. सून रडून रडून हो म्हणाली. मुलगा डबा उचलून पाळीवर गेला. मीच म्हटलं, एसी लावू, बघू, एक रात्र तरी न खोकता झोपली तर राहू दे तिला. मीच म्हटलं. आत्या तिला माझ्यापेक्षा बरी सांभाळेल, मला कळत नाही का? पण ती गेली की ह्या खोलीत दिवसभर मी आणि ते धुराडं. मुलगा आणि सून दोघं तिकडेच. धूर थांबला की सांगणार कोण मला?

काप गज. मी सांगते काप. कुणी विचारलं तर म्हातारीनं कापले म्हण. हे बघ, ट्रंक मीच सरकवते. फळकुटं बसव चांगली, चारी बाजूंनी, फट ठेवू नकोस. एवढीशी पण नको. डोंगर तसाही दिसत नाही आता.

— झालं? लाव.

अगंबाई. आला की गार. खडखडतोय, पण आला. अंधार झाला जरा — दिवा लावते. बघ, कूस बदलली तिनं. थांब, बोलू नकोस. — नाही. नाही खोकली. बघ कशी झोपलीय, तोंड उघडं टाकून. उठली की खिडकीकडे जाईल... सांगेन काहीतरी. गोष्टच सांगेन. तर मग, त्या धुराड्याच्या पायाशी राहणाऱ्या म्हातारीच्या घरात गार वारा आला, पोरगी घरातच राहिली, आणि शेवटी एकदाचं त्यांचं बरं झालं.

तू अजून इथेच? जा बाबा. दार नीट ओढून घे — गार बाहेर जातंय.