जाउस्ट म्हणजे

(कुवेतमधल्या फिंतास गावातला फ्लॅट, शुक्रवारची सकाळ. शलाका आणि राजश्री एकाच खोलीत राहतात, पाणी तपासणाऱ्या एकाच प्रयोगशाळेत नोकरी करतात.)

शलाका : ‘फ्रेंडली जाउस्ट’. साहेबांच्या मेलमध्ये हेच होतं ना, ताई? जागा एक, माणसं दोन, तर होऊन जाऊ दे एक फ्रेंडली जाउस्ट.

राजश्री : मी नुसती मुलाखतीची तारीख बघितली बाई. चहा घेतीस का?

शलाका : मी शब्द शोधला. चिलखत घातलेले दोन सरदार, घोड्यावर, हातात लांब भाले. समोरासमोर दौडत यायचं आणि दुसऱ्याला खाली पाडायचं.

राजश्री : सिनेमात दाखवतेत तसं?

शलाका : तसंच. पण मुळात तो शब्द झुंजीचा नाहीच. इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. आणि लॅटिनमध्ये ना घोडा, ना भाला. अर्थ एवढाच, जवळ येणं. शेजारी येणं.

राजश्री : मग त्यात झुंज कुठून आली?

शलाका : जवळ आल्याशिवाय भाला लागत नाही, म्हणून असेल. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

राजश्री : टोमणा मारायलीस.

शलाका : अर्थ सांगतेय. काल साहेबांनी बोलावलं होतं. पुढच्या महिन्यात माझा अकामा, इथं राहायचा परवाना, संपतो, तो ते वाढवणार नाहीत. म्हणजे मी परत. तू राहणार.

राजश्री : मला परवाच कळालं. तुला कसं सांगावं तेच सुचंना.

शलाका : कारण विचारलं. म्हणाले, दुसऱ्याच्या रिपोर्टवर तू न तपासता सही करतेस. रमजानमधले चाळीस रिपोर्ट. ताई, तपासणारीची दुसरी सही मी फक्त तुझ्या रिपोर्टवर करते.

राजश्री : मुलाखतीत त्यांनीच विचारलं मला. तिच्यात काय कमी आहे, म्हणून.

शलाका : आणि तुला तेच आठवलं.

राजश्री : तू नव्हत्या का केल्या सह्या?

शलाका : केल्या. दुसरी सही झाल्याशिवाय रिपोर्ट करणारीनं घरी निघायचं नाही, हा नियम. लातूरला घड्याळ अडीच तास पुढे, पोरगी झोपायच्या आत फोन करायचाय, तिची दहावी आहे, असं तूच म्हणायचीस. शेवटचे चार कागद पुढे सरकवायचीस. दहा दिवस.

राजश्री : आकडे बरोबर होते की माझे.

शलाका : होते. काल साहेबांकडून आल्यावर मी सगळे काढून तपासले. चाळीसच्या चाळीस बरोबर.

राजश्री : मग, मी तुला सह्या करायला लावल्या, हे सांगितलंस त्यांना?

शलाका : नाही. सही माझी होती.

राजश्री : हे बघ शलाका, तुझं वय सव्वीस. पुण्यात दुसरी लॅब भेटंल तुला. मला बेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार? पोरीच्या कॉलेजचं काय करू मी?

शलाका : हे आधी बोलली असतीस तर कदाचित मी मुलाखतच दिली नसती.

राजश्री : कदाचित.

शलाका : हो, कदाचित. खोटं कशाला बोलू?

राजश्री : तू माझ्या जागी असतीस, तर काय केलं असतंस?

शलाका : माहीत नाही. तुझी एखादी चूक मला ठाऊक असती, तर कळलं असतं. माझी तुला ठाऊक होती.

राजश्री : चहा गार व्हायलाय.

शलाका : होऊ दे.

राजश्री : उद्या सोळा सॅम्पल आहेत. दुसरी सही तुझीच लागंल. नोटीस संपेपर्यंत येतीस ना तू?

शलाका : येते ना. प्रत्येक आकडा तपासून सही करीन. पोरीला आत्ताच कळव, आईचा फोन यायला उशीर होईल.