सहा शब्द तुझे, सहा माझे

कोर्टाबाहेरच्या बाकावर बाई आपल्या तारखेची वाट बघत बसल्या होत्या. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. शेजारी क्रिप्टो कंपनीचे दोन भागीदार, एकमेकांवर दावे ठोकून मांडीला मांडी लावून बसलेले.

“पासवर्डचे सहा शब्द तुझे, सहा माझे. आज जजसमोर कंपनीची ऑनलाइन तिजोरी उघडायचीय.”

“माझे विसरलो रे. दोघंही बुडालो.”

“कासव, शिडी, मीठ, आत्या, ढग, कुलूप.”

“तुला कसे ठाऊक?”

“ऑफिसात झोपेत बरळायचास.”

“मग एकट्यानेच सगळं का नाही उपसलंस?”

“अर्धं तुझं होतं ना, गाढवा.”

“देवासारखा धावून आलास रे. दावा मागे घेतो.”

“आधी पाठ म्हणून दाखव.”

“कासव, शिडी, मीठ...”

“आत्या,” बाईंच्या तोंडून निसटलं.

दोघांनी एकदमच हात जोडले.

“थँक यू, बाई.”