एलिसियाचा अर्थ

आमच्या कुसुमताईचं सांगते. हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात जायचा होता, तेव्हा ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. साहेबांनी एक बरणी पुढे सरकवली. आत पानासारखा हिरवा जीव.

ताई म्हणाली, "एलिसिया. समुद्रातली बिनशंखाची गोगलगाय."

"नावाचा अर्थ?"

"स्वर्ग. ग्रीक पुराणातला."

साहेब हसले. "गोगलगायीला कोण स्वर्ग म्हणेल? आणि आप मराठी लोगां तो अब बंबई को जाने वाले. यहां की जगा कायकू रोकते?"

ताई जागची हलली नाही. म्हणाली, "शब्दकोश मागवा. मी चुकले असेन तर अर्ज इथेच फाडते."

शिपायाने कोश आणला. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि कोश मिटला. "अर्थ बरोबर आहे."

"मग दुसरंही ऐका. आम्ही तीन पिढ्या इथल्या गौलीगुड्यात राहतो. जायचं की राहायचं, ते आमचं आम्ही ठरवू."

जागा अर्थातच दुसऱ्याला मिळाली. ताईने शहरातल्या कोठी भागात खोली घेऊन प्राणिशास्त्राच्या शिकवण्या सुरू केल्या. दुसऱ्या वर्षी साहेब स्वतः जिना चढून आले. सोबत त्यांची मुलगी होती, प्राणिशास्त्रात नापास झालेली.

ताईने तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि साहेबांना म्हणाली, "तुम्ही आता निघालात तरी चालेल."