गव्हातल्या पाऱ्याच्या गोळ्या

पोरगी आज धडधाकट आहे म्हणून सांगतो राव, पण बायका डबे आवरायला लागल्या की अजून मी आधी गव्हाच्या डब्यात हात घालून बघतो.

आम्ही तेव्हा कासारवाडीला राहायचो. दिवाळीच्या तोंडावर बायकोनं फडताळातले सगळे डबे रिकामे केले आणि उरलेला जुना गहू दळून आणला. मी शिफ्टवरून आलो, तर आमची पोरगी छबी चपाती खात बसलेली.

मी बायकोला म्हटलं, "गव्हात आईनं किडीसाठी पाऱ्याच्या गोळ्या टाकलेल्या. काढल्यास का?"

"काढल्या की." तिनं पुरचुंडी दाखवली.

"सगळ्या?"

"दिसल्या तेवढ्या."

मी छबीच्या हातातली चपाती हिसकली. "दिसल्या तेवढ्या म्हंजे? होत्या किती?"

"मला काय ठाऊक? आत्याबाईंना विचारा."

आई कोपऱ्यात वाती वळत होती. म्हणाली, "मूठभर टाकल्या. मोजतंय कोण?"

मी छबीला उचललं आणि पिंपरीच्या दवाखान्याकडं पळत सुटलो.

मागनं आई वरडली, "आरं, डाक्टरला नीट सांग! दुपारधरनं तिची ही तिसरी चपाती हाय!"