दोन हातांचा रस्ता

...नाही हो, गाडी वेळेवरच आली होती. तेच तर तुम्हाला सांगतोय. गाडी वेळेवर आली, आम्हीही वेळेवर तयार होतो, ड्रायव्हरनं फोन केला, "काका, मी दारात उभा आहे," मी म्हटलं, "मीही दारातच आहे," तो म्हणाला, "तुम्ही दिसत नाही," मी म्हटलं, "तुम्हीही दिसत नाही," आणि अशी आम्ही दोन माणसं आपापल्या दारात उभं राहून दहा मिनिटं एकमेकांना शोधत बसलो. कारण तो होता खाली, पायऱ्यांच्या तळाशी, आणि मी वर. मध्ये शहाण्णव पायऱ्या. त्याच्या फोनमधली बाई त्याला सांगत होती, "सरळ जा. पन्नास मीटरवर तुमचं ठिकाण आहे." आता सरळ जा म्हणजे? पायऱ्यांवरून? गाडी आहे की शेळी?

खालून वर यायला टेकडीला वळसा घालावा लागतो, त्यात पाऊण तास जातो. आणि हिची खुर्ची नऊची. ही म्हणजे आमची मंडळी. आठवड्यातून तीनदा हिचं रक्त धुवायला दवाखान्यात न्यावं लागतं, चार तास मशीनला जोडतात, दवाखान्याची गाडीच घेऊन जाते, तेवढं बरंय. पण नऊची खुर्ची म्हणजे नऊची, एक वाजल्यानंतर तिथे दुसरं माणूस. तुम्ही पावणेदहाला पोचलात तर तो पाऊण तास कुणाच्या खात्यातून जाणार? हिच्याच. नर्सबाई प्रेमळ आहे, पण ती तरी काय करणार? म्हणते, "मावशी, आज जरा कमीच होईल हं." आणि मग संध्याकाळी हिचे पाय सुजतात. ही नुसता चपलेचा पट्टा एक घर सैल करते. मी ते घर मोजतो. एकूण पाच घरं आहेत, ही चौथ्यावर आली होती.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरला एकदा नीट सांगून ठेवा की. सांगितलं. पण ड्रायव्हर दर वेळी नवा. आणि जो येतो तो म्हणतो, "काका, फोननं सांगितलेला रस्ता सोडला की आम्हाला वर जाब द्यावा लागतो." म्हटलं, मग फोनलाच सांगू. गेलो त्या गाड्या पाठवणाऱ्यांच्या ऑफिसात. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, नकाशा आमचा नाही, फोन कंपनीचा." कंपनीला फोन लावला, तर तिकडून आवाज आला, "सर, रस्त्यांची मूळ माहिती आमची नसून मोजणी खात्याची आहे, आम्ही ती परवान्याखाली जशीच्या तशी वापरतो." मला काही कळलं नाही. मी फोनवरच मान डोलावली.

आणि मोजणी खातं म्हणजे कोण? मीच की. एकतीस वर्षं काढली मी तिथे. साहेब नव्हतो, लिहिण्यावाचण्यात माझी गाडी चौथीला थांबली. मी काठी धरायचो. उंच, आकडे रंगवलेली काठी असते, ती जागेवर सरळ धरून उभं राहायचं आणि साहेब लांबून दुर्बिणीतून बघून वहीत लिहायचे. लांब म्हणजे इतके लांब की हाक पोचायची नाही. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. पायवाट असेल तर एक हात वर. गाडीरस्ता असेल तर काठी खांद्याला टेकवायची आणि दोन्ही हात वर. विहिरीला वेगळी खूण, भिंतीला वेगळी. आख्खं शहर आम्ही असं हातवाऱ्यांनी लिहिलंय.

आता जे सांगतो ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. या पायऱ्या मोजल्या त्या दिवशी खाली काठी धरून मीच उभा होतो. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. मी एक हात वर केला, पायवाट. बरोबर. तेवढ्यात वर बघतो तर ही, डबा घेऊन पायऱ्यांच्या टोकाशी उभी. आणि दुसरा हात... मी काही तो वर केला नाही. तो आपला आपण गेला.

साहेबांनी लिहिलं, गाडीरस्ता.

छापील नकाशा आला तेव्हा बघितलं, पायऱ्यांच्या जागी दोन ठसठशीत रेघा. साहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, "अरे, एकदा कागदावर चढलं की चढलं. आणि त्या टेकडीवर गाडी आहे कुणाकडे?" खरंच नव्हती कुणाकडे. चाळीस वर्षं नव्हतीच म्हणा ना. मग हिच्यासाठी पहिली गाडी आली, आणि ती नेमकी माझ्या दुसऱ्या हातावरून वर यायला निघाली.

तर गेलो खात्यात. पूर्वी तिथे लाकडी फळ्या आणि शाईचा वास असायचा, आता काच आहे. काचेपलीकडे नकाशाच्या बाई. म्हटलं, "बाई, आमच्या टेकडीचा नकाशा द्या, त्यावर मी पायऱ्या दाखवतो आणि ड्रायव्हर लोकांना देतो."

"बघा की काका. बघायला मोकळा आहे. लोकांच्या पैशातून झालाय, लोकांनी बघायलाच हवा."

"बघून काय करू? मला पाठ आहे. ड्रायव्हरला द्यायचाय."

"द्यायला बंद आहे. म्हणजे तुम्हाला आम्ही देऊ, पण तुम्ही पुढे द्यायचा नाही. त्याला फेरवाटप म्हणतात."

"हा नकाशा आहे कुणाचा?"

"लोकांचा."

"मी लोकांत येतो ना?"

"येता की."

"आणि ड्रायव्हर?"

"तोही येतो. पण त्यानं स्वतंत्र अर्ज करायचा."

"तो दर वेळी नवा असतो."

"मग प्रत्येकानं करायचा."

मला काही कळलं नाही. मी मान डोलावली.

बाई वाईट नव्हती, तुम्हाला खरं सांगतो. स्टूल दिलं, पाणी दिलं. मग अटींचा कागद काढून बोट ठेवत ठेवत समजावलं. म्हणे, चौथी अट, नकाशा कुठेही वापरला तरी त्यावर खात्याचं नाव हवंच. आणि सातवी अट, नकाशात काही बदल केला तर त्यावर खात्याचं नाव नको. म्हटलं, "बाई, मी रस्त्याच्या पायऱ्या केल्या तर तो बदल झाला, म्हणजे नाव काढायचं. नाव काढलं तर चौथी अट मोडली. मग मी करू काय?" त्यांनी दोन्ही अटींवरून पुन्हा बोट फिरवलं. म्हणाल्या, "असं आजवर कुणी एकापाठोपाठ एक वाचलंच नव्हतं."

आत आताच्या साहेबांकडे नेलं. साहेब भला माणूस, चष्मा कपाळावर. म्हणाले, "चूक असेल तर कंपनीनं आम्हाला कळवायची, परवाना त्यांचा आहे." म्हटलं, "कंपनी म्हणते खात्यानं सुधारायची, माहिती त्यांची आहे." म्हणाले, "हो, तेही बरोबर आहे." दोघंही बरोबर, मधल्या मध्ये हिची खुर्ची नऊची. मग म्हणाले, तुमच्या भागाची फेरमोजणी आहेच सहा वर्षांनी. सहा वर्षं म्हणजे हो पट्ट्याची किती घरं? ...जाऊ दे. मी उठलो. तर तेच म्हणाले, "एरवी नाही, पण मूळ मोजणीच्या वेळी चूक झाल्याचा प्रत्यक्ष साक्षीदार असेल तर बघता येईल. पण इतक्या वर्षांनी तो कुठून आणणार?"

मी पुन्हा बसलो. म्हटलं, "साक्षीदार मी आहे."

"कशाचे?"

"हाताचे."

माझं अक्षर बरं नाही, म्हणून बाईच लिहायला बसल्या. लिहून घेतात तेव्हा माणूस स्वतःलाच अनोळखी वाटतो बघा. 'खाली सही करणार यांनी सदर ठिकाणी एक हात वर करणे आवश्यक असताना दोन हात वर केले.' पुढचा रकाना, कारण. बाई म्हणाल्या, "काका, कारण लिहावंच लागतं." मी खिडकीकडे बघून म्हटलं, "बायको येताना दिसली." बाई हसल्या नाहीत. हसतील असं वाटलं होतं. पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, मग म्हणाल्या, "यादीत हे कारण नाही. यादीत चारच आहेत, धुकं, पाऊस, यंत्रातला बिघाड, अडथळा." म्हटलं, "ऊन तर चांगलं पडलं होतं, आणि यंत्र साहेबांचं जिवापाड जपलेलं." मग त्यांनी 'अडथळा' लिहिलं. सरकारदरबारी आमची मंडळी अडथळा म्हणून नोंदली गेली. मी सही केली.

म्हणाल्या, कागद वर जाईल. कागदांना वर जायला पायऱ्या लागतात की वळसा, ते मी काही विचारलं नाही.

तोवर काय करायचं? घरी जुनं कॅलेंडर होतं, त्याचं पान फाडलं, पाठकोरं. आणि काढला नकाशा. कुणाचा बघून नाही, पायांना आठवत होता तसा. खाली पायऱ्या, त्यावर मोठी फुली. मग पाण्याची टाकी, तिथून डावीकडे, शिंप्याचं दुकान, त्याचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, तेही लिहिलं, मग निळं दार, ते आमचं. झेरॉक्सवाल्याकडून वीस प्रती काढल्या आणि जो ड्रायव्हर येईल त्याच्या हातात एक. त्यातल्या एकाला म्हटलं, "फोनच्या बाईंना राग येणार नाही ना?" तो म्हणाला, "काका, कागद दाखवून जाब देता येतो, तोंडी सांगितलेलं कोण ऐकतं?"

गाडी निळ्या दारात यायला लागली. आठ वीसला. पुरे चार तास मिळायला लागले. पट्टा चौथ्यावरून तिसऱ्यावर, आणि मागच्या आठवड्यात तर दुसऱ्या घरावर आला, मी वाकून बघितला. ही म्हणाली, "माझ्या पायाशी काय हरवलंय तुमचं?" म्हटलं, "काही नाही, सापडलं."

कागद मात्र पसरला. ड्रायव्हरनं ड्रायव्हरला दिला, पोस्टमननं नेला, गॅसवाला मागायला आला, सुतारानं भिंतीवर चिकटवला. प्रतीवरून प्रत, प्रतीवरून प्रत, शेवटी इतका काळा झाला की कुत्रा आणि टाकी सारखीच दिसायला लागली. आणि एक दिवस दारात नकाशाच्या बाई. हातात तो काळा कागद. "काका, हा कोणी काढला?" मनात आलं, फेरवाटप. आता कुठली अट मोडली कोण जाणे. म्हटलं, "मी काढलाय, पण कुठे नाव लिहिलेलं नाही, खात्याचंही नाही, माझंही नाही."

तर बाई म्हणाल्या, "साहेबांना आवडला. तुमचा अर्ज मंजूर झालाय, फेरमोजणीऐवजी हाच जोडायचाय. मूळ पान द्याल का? बघून लगेच परत करते."

ही आतून चहा घेऊन आली. बाईंनी हिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी पायऱ्यांवर..." मी खोकलो. उपयोग झाला नाही. बाईंनी सगळं सांगून टाकलं, हात, डबा, गाडीरस्ता, अडथळा, सगळं.

हिनं चहा खाली ठेवला. मग मला म्हणते, "तो हात माझ्यासाठी होता?"

"मग कुणासाठी?"

"अहो, मला वाटलं तुम्ही येऊ नकोस म्हणताय. साहेब रागावले असतील म्हणून मी डबा घेऊन मागच्या मागे परत गेले."

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत उपाशी होतो. चाळीस वर्षं मी समजत होतो की ही डबा साहेबांना देऊन गेली.

बाईंनी पानाचा फोटो घेतला, सहीसाठी खात्याचा एक छापील कागद पुढे केला, भराभरा वाचला, सदर नकाशा, समस्त हक्क, कायमस्वरूपी... मला काही कळलं नाही. मी मान डोलावली आणि सही केली. बरं वाटलं हो. एकतीस वर्षं नुसती काठी धरली, आता खात्याच्या नकाशात माझ्या हाताची रेघ असणार.

पुढच्याच आठवड्यात बाईंचा फोन. आवाज जरा पडलेला. "काका, एक सांगायचं राहिलं. त्या नकाशाच्या प्रती आता वाटू नका."

"का?"

"तो आता खात्याचा झाला. बघायला मोकळा, पण..."

"पण काढला मी."

"हो, तुमचं नाव येईल ना खाली, बारीक अक्षरात."

"आणि फोनमध्ये कधी येईल तो?"

"कंपनी नवीन प्रत घेईल तेव्हा. वर्षभरात."

"मग परवा नवा ड्रायव्हर येईल, त्याला काय देऊ?"

त्या मग हळूच म्हणाल्या, "द्यायचा नाही. पण काका, त्यानं बघितला तर कोण काय म्हणणार?"

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठ वाजता मी खाली, वळशाचा रस्ता फुटतो त्या फाट्यावर उभा असतो. कॅलेंडरचं पान छातीशी, दोन्ही कडांना धरलेलं. गाडी येते, ड्रायव्हर काच खाली करतो, हात बाहेर काढतो. मी पान सोडत नाही. तो म्हणतो, "काका, द्या की." मी म्हणतो, "देता येत नाही रे. बघ." तो बघतो. टाकी बघतो, कुत्रा बघतो, निळं दार बघतो, माझ्याकडेही बघतो, आणि बरोबर वर जातो. मीही त्याच गाडीत बसून जातो, कारण घरी तर मलाही जायचंच असतं.

ही म्हणते, "अहो, गाडीत बसताच आहात तर मग पान कशाला दाखवता, तोंडानं सांगा की, डावीकडे घे, उजवीकडे घे."

मला सुचलंच नव्हतं. पण तोंडानं सांगितलं, तर ते बघणं झालं की देणं झालं? ...अटींच्या कागदात असेल कुठेतरी. बुधवारी बाईंना विचारून येतो, तोवर आपलं पानच बरं.