समोरची खुर्ची

आणि हवा तर त्या दिवशी अशी होती, तुम्हाला सांगतो, ऊन म्हणावं तर ऊन नाही, पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती वाफ! वादळाचा पहिला इशारा लागलेला, वारं कुठंतरी समुद्रावर अडकून पडलेलं, आणि आमचं अख्खं हाँगकाँग करंडीत वाफवायला ठेवलेल्या पावासारखं उकडत होतं. अशा हवेत म्हाताऱ्यानं घरी पंख्याखाली पडावं की नाही? पण नाही! आमच्या पंचांगाचा सातवा महिना लागलेला. मैदानावर बांबूचा मांडव उभा, संध्याकाळी गाण्याचं नाटक, आणि नाटकाच्या आधी... कामं.

कामं ही आमच्या हिची पद्धत. साऊ-हा तिचं नाव. ती म्हणायची, "नाटकाला जायचं म्हणून नुसतं नाटकालाच जायचं? ट्रामचं भाडं काय झाडाला लागतं?" मग एका फेरीत चपलेला टाका, उदबत्त्या, वैद्याकडची पुडी, आणि शेवटी बाजाराच्या कोपऱ्यावर चहाच्या हॉटेलात नूडल. तेही सहाच्या आत! कारण सहापर्यंत चहाच्या वेळचा दर, सहा वाजले की तीच वाटी, तेच पाणी, आणि दर रात्रीचा. बरं, एवढी घाई, तर बाईनं वेळेवर निघावं ना? छे! निघताना शेजारी क्वॉकवहिनींकडं किल्ली ठेवायला जायची ती अर्धा तास तिथंच. मी दारात छत्री घेऊन उभा. किल्ली ठेवायला अर्धा तास लागतो का हो?... पण मी कधी बोललो नाही. मुळात मी सावकाश माणूस.

मागच्या थंडीत ती गेली.

आणि आमच्याकडं मेलेली माणसं सातव्या महिन्यात परत जेवायला येतात. नाटकसुद्धा त्यांच्यासाठीच असतं. मांडवातली पहिली रांग त्यांना सोडायची, आपण दुसरीपासून मागं. तर माझं म्हणणं एवढंच होतं, की ती आलीच, तर हॉटेलातली तिची खुर्ची रिकामी असावी. तीच, आरशाकडं पाठ, दाराकडं तोंड. तिथं परका बसलेला दिसला तर ती भांडायची नाही, तशीच मागं फिरेल, स्वभाव माहीत आहे मला. एक खुर्ची, एक वाटी संपेपर्यंत! मी काय अख्खं हॉटेल मागत होतो?

पण आमच्याकडं हॉटेलात टेबल कुणाच्या बापाचं नसतं. जिथं जागा, तिथं माणूस. अनोळखी माणसासमोर बसायचं, मान खाली घालून खायचं आणि उठायचं. विचारायचं एकच, "इथं कुणी बसतंय का?" आणि तेही बसता बसता!

तर बसलो. जाड्या केई आला, फडकं मारत. आम्हाला वर्षानुवर्षं तोच वाढतो.

"काय लाऊकाका, एकटेच?"

"माशाच्या गोळ्यांची नूडल. दोन."

"दोन? आणि डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय ते?"

"तू आण रे."

आणल्या. एक माझ्यापुढं, एक तिच्यापुढं. आता तिची एक खोड सांगतो. वाटी आली की ती आपल्या वाटीतले गोळे एकेक करून माझ्या वाटीत टाकायची. "मला भूक नाही, तुम्ही खा." दर वेळी! आणि मी खायचो. माणूस किती बावळट असतो... ती गेल्यावर रात्रीचं आठवायचं, की ही बाई जन्मभर पोटाला चिमटा काढत राहिली आणि मी गोळे चावत राहिलो. म्हणून म्हटलं, यंदा तिची वाटी तिची. एकाही गोळ्याला हात लावायचा नाही.

तेवढ्यात पिशव्या घेऊन एक बाई. "इथं कुणी बसतंय का?"

"बसतंय."

"कुठाय?"

"येईल."

"मग येईपर्यंत टेकते!" आणि टेकली की! कांद्याची पात थेट साऊ-हाच्या वाटीवर. टोस्ट खाताना सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हातारा चावतो कसा. माझे दात हे असले, लावलेले, ते आणखीच वाजायला लागले. मी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

ती बाई उठली, तर टायवाला पोरगा. हातात ताट, कानाला फोन. "आजोबा, इथं कुणी बसतंय का?" बसलासुद्धा.

म्हटलं, "बायको."

"सॉरी सॉरी... बाथरूमला गेल्यात का?"

आता खोटं कसं बोलायचं? तेही तिच्या वाटीसमोर? म्हटलं, "नाही रे बाळा. थंडीत गेली."

तुम्हाला सांगतो, त्या पोरानं वाटीकडं बघितलं. वाटीतनं वाफ निघत होती. मग खुर्चीकडं बघितलं, जिच्यावर तो स्वतःच बसला होता! मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, महिना कुठला ते बघायला. आणि असा उठला, असा उठला, की ताट तिथंच राहिलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघी बायका, "काय झालं? काय म्हणाला?" आणि मग त्याही उठल्या, त्यांच्यामागचाही उठला...

केई धावत आला. "काका! सातव्या महिन्यात असलं बोलतात का हो? अख्खी बाजू रिकामी केलीत!"

"मी एकच मागत होतो."

"मला कळत नाही का?" त्यानं आवाज खाली आणला. "काकू मलाही नावानं हाक मारायच्या. पण बाहेर रांग बघा."

मी बघितलं. काचेपलीकडं माणसं उभी, त्या वाफेत, घामानं थबथबलेली, नजर आमच्या खुर्च्यांवर. त्यांची काय चूक? त्यांनाही सहाच्या आत जेवायचंय. मग मीच हात करून एका हमालाला आत बोलावलं. तो दमलेला बिचारा, खुर्ची ओढून बसला आणि मग म्हणाला, "इथं कुणी बसतंय का?"

म्हटलं, "बसा."

आणि केईला म्हटलं, दोन्ही बांधून दे.

मांडवात आलो तर पहिली रांग अख्खी रिकामी! हॉटेलात एक खुर्ची मिळेना, आणि इथं या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या खुर्च्याच खुर्च्या. कुणी विचारतसुद्धा नव्हतं. तिचा डबा पुढच्या एका खुर्चीवर ठेवला, मी बरोबर तिच्यामागं दुसऱ्या रांगेत. माझा डबा मांडीवर. उघडायचा धीर होईना. एकट्यानं कुठं खायचं... आत कुणीतरी झांजा तपासत होतं.

"इथं कुणी बसतंय का?"

मला रडूच यायचं बाकी होतं. वळून बघतो तर क्वॉकवहिनी, हातात पंखा.

"पुढचा डबा कुणाचा? साऊ-हाचा? काय आहे त्यात?"

"माशाचे गोळे. तिची वाटी. जन्मभर मलाच देत राहिली."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिला माशाचे गोळे कधी आवडले? वासानं मळमळायचं तिला. नाटकाच्या दिवशी किल्ली ठेवायला यायची ना, तेव्हा माझ्याकडं पोटभर भात खाऊन निघायची."

म्हणजे तो अर्धा तास! आणि मी छत्री घेऊन...

"मग हॉटेलात कशाला बसायची ती?" म्हटलं. "एवढ्या उकाड्यात, एवढ्या गर्दीत?"

वहिनींनी माझ्या मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं, काड्या हातात दिल्या आणि शेजारी बसल्या.

"खुर्ची अडवायला. समोर परका बसला की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून. खा आता सावकाश. मला भूक नाही, मी जेवून आलेय."