कलम कुठे वाचलंत?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य आणि पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आपल्या अन्नकायदा शिकवणाऱ्या मॅडम, त्यांचे यजमान, सहकारी प्राध्यापक, आणि मागच्या दारापाशी उभं राहून माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या विद्यार्थिमित्रांनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या प्रेमळ स्वभावाचं वर्णन केलं. असेलही. पण मी या केटरिंग कॉलेजात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, आणि मला दिसल्या त्या संशयी मॅडम. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय त्यांच्या घरी चहा होत नाही. त्यांचे यजमान मान हलवताहेत, म्हणजे खरं असावं.

गेल्या वर्षीची गोष्ट. शेवटच्या वर्षाच्या मुलांना ‘शिजवलेलं अन्न साठवण्याचे नियम’ हा स्वाध्याय दिला होता. मॅडम तपासत होत्या आणि मध्येच थांबल्या.

“सर, जवळपास सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय. शिजवलेलं अन्न आठ तास बाहेर ठेवलेलं चालतं म्हणे. कायद्याचं नाव, वर्ष, कलम, सगळं जिथल्या तिथे.”

“मग द्या ना मार्क,” मी म्हणालो.

“आपल्या मुलांचे संदर्भ इतके अचूक? मला नाही पटत.”

त्यांनी मूळ कायदा उघडला. ते कलम होतं, पण परवान्याशिवाय खाद्यपदार्थांचा धंदा करता येणार नाही याबद्दल. अन्न बाहेर ठेवायची परवानगी सगळा कायदा धुंडाळूनही सापडली नाही.

साहजिकच कॉपीचा संशय आला. तो गेला वर्गातल्या हुशार मुलीवर, जिला सगळे ‘वकीलबाई’ म्हणत, कारण तिच्या कायद्याच्या नोट्स वसतिगृहभर फिरत. परीक्षा विभागाचं म्हणणं होतं, तिचा निकाल रोखा. पोरगी आपली वही घेऊन स्टाफरूममध्ये आली.

मॅडमनी एवढंच विचारलं, “तू कायदा उघडून पाहिलास?”

“नाही मॅडम.”

“मग खाली संदर्भ म्हणून कायद्याचं नाव कसं लिहिलंस? कुठे वाचलंस हे?”

ती जरा घुटमळली. “मेसच्या भिंतीवर. तिथे फ्रेम लावलीये. आमच्या जेवणाबद्दल तक्रार केली की मेसवाले काका तिकडेच बोट दाखवतात.” आणि मग एकदम रडूच फुटलं तिला. “माझी रूममेट दवाखान्यात आहे मॅडम. सलाइन लावलंय. सगळे म्हणतात पाणी बाधलं.”

मॅडम उठल्या, मीही मागोमाग गेलो. मेसमध्ये सकाळचा भात मोठ्या पातेल्यात, नुसतं फडकं टाकून ठेवलेला. मॅडमनी थर्मामीटर खुपसला. आकडा पाहून त्यांनी तो मला दाखवला: भात ना गरम, ना थंड, जंतू वाढायला अगदी सोयीचा.

काका हसत म्हणाले, “मॅडम, कायद्यात बसतंय सगळं. वाचा की भिंतीवर.”

“वाचलं. कुठल्या राजपत्रात आलं हे? कुठल्या दुरुस्तीनं?”

“ते मला काय माहीत? शिक्का बघा ना. तुमच्याच कॉलेजचा आहे.”

खरंच होता. वसतिगृह समितीचा गोल, निळा शिक्का.

तो कोणी मारला? समितीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडे पाहिलं. मॅडमना मात्र निरोप यायला लागले. निवृत्ती जवळ आलीय, आत्ता कशाला नसती कटकट? मुदतवाढीचा अर्ज आहे ना तुमचा? मॅडमनी अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. नमुने नापास झाले, मेसचं कंत्राट गेलं. रूममेट बरी होऊन परीक्षेला बसली. वकीलबाईचा निकाल रोखला नाही, पण स्वाध्याय पुन्हा लिहायला लावला, साऱ्या वर्गालाच. प्रत्येक कलमापुढे ते कुठे पाहिलं, शेवटची दुरुस्ती कधीची, आपण कधी पाहिलं, हे लिहायचं. मुलांनी मनातल्या मनात मॅडमना काय काय म्हटलं असेल, ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

आणि मुदतवाढीचा अर्ज? तो गहाळ झाला. दुसरा दिला, तो उशिरा पोचला म्हणे. अर्ज पाहणाऱ्यांत वसतिगृह समितीतलीच काही मंडळी होती. अध्यक्ष महोदय, आपण त्यांत नव्हतात, म्हणून निर्धास्त बोलतोय.

परवा मी मॅडमना विचारलं, “तुमचा संशय कोणावर आहे?” त्या म्हणाल्या, “पुरावा नाही माझ्याकडे. भाषणात नाव घ्यायचं नाही, सांगून ठेवते.”

म्हणून मी घेत नाही. मी फक्त सभागृहाकडे बघतोय. पुढच्या रांगेत आत्ताच कोणाचा तरी फोन वाजला आणि ते बाहेर गेले. वाजला असेलही.

मॅडम, तुम्ही गेल्यावर या कॉलेजात भिंतीवरचं खरं मानणं फार सोपं होईल. तसं होऊ नये एवढी काळजी आम्ही घेऊ.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलू दिलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. आणि मी काही चुकीचं बोललो असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी जरूर कळवावं. संदर्भासह.